मोलीचं बाळंतपण

आमच्या शेजारच्या नरसय्याकाकांच्या घरात शिरायचं तर चपला दाराबाहेर, मोबाईल मुका आणि आवाज घशात ठेवावा लागतो. समोरच काचेची टाकी आहे. तिच्यात मोली, गप्पी आणि लांब शेपटाचे स्वोर्डटेल मासे. त्यांतल्या एकीला तरी कायम दिवस गेलेले असतात.

"या म्याडम. पन हळू बोला," काका कुजबुजतात. "आत गरवार हाय."

गंमत अशी की याच काकांचा आवाज एरवी पलीकडच्या गल्लीत जातो. उभा जन्म त्यांनी यंत्रमागावर चादरी विणण्यात घालवला. त्या खटखटाटात कान बसले, आणि ज्याचे कान बसतात त्याचा आवाज चढतो. काकांनी कोथिंबिरीचा भाव विचारला तरी भाजीवाला भांडणाच्या तयारीला लागतो. तो माणूस टाकीजवळ आला की आवाजाचं रेशीम होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं, दुसरं कोणी बोलतंय की काय म्हणून.

"ह्ये मासे अंडी घालत न्हायत म्याडम. पोटात पिल्लं वाडवत्यात, आपल्यावानी. मग त्यांचं कराय नको?"

काका करतात, आणि कसं करतात! नळाचं पाणी आलं की गल्लीत हंड्या-बादल्यांची धावपळ उडते. काका आपली बादली भरून शांतपणे कोपऱ्यात ठेवतात. "मुरू दे. नवं पानी म्हंजे नवं सासर. एकदम घातलं की जीव घाबरतोय." मग सावकाश, तांब्या-तांब्यानं थोडंसंच पाणी बदलायचं.

एखादा नर माद्यांच्या फारच मागे लागला की काका त्याला जाळीनं उचलून बरणीत टाकतात. त्या बरणीचं नाव होटगी, आमच्या शहराबाहेरच्या स्टेशनावरून ठेवलेलं.

"तांबडा दिसत नाही काका?"

"होटगीला धाडलाय. बाईला खाऊ दीना, निजू दीना."

यावर अंगणात विड्या वळत बसलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीअक्का म्हणतात, "ह्यांनाच धाडायला पायजे हुतं होटगीला, तरनेपनी." काकांना ते ऐकू जात नाही. की जातं, देव जाणे.

एकदा मी विचारलं, या माशांत आईच पिल्लं खाते म्हणे, ते खरं का? काकांनी आधी चिमूटभर खाणं टाकीत सोडलं.

"खाती," मग म्हणाले. "उपाशी आसली, भ्यालेली आसली तर लई खाती. पोटभर घालावं, लपायला झाडोरा द्यावा, गप पडू द्यावं. मग येवडी वखवख ऱ्हात न्हाय."

गेल्या लगीनसराईत त्यांची सोनेरी मोली भरत आली होती. पोट चौकोनी झालेलं, शेपटाजवळचा ठिपका गडद. "आता हात लावायचा न्हाय. भरल्या पोटाची हलीवली की पिल्लं अवेळी टाकती." संध्याकाळी मी बघायला गेले, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी वरातीचा डीजे सुरू झाला. आमच्याकडचा डीजे कानाला नाही, छातीला ऐकू येतो. खिडक्या वाजल्या, टाकीतलं पाणी थरथरलं. मोली कोपऱ्यात तोंड खुपसून भराभर कल्ले हलवू लागली. एक पिल्लू आलं होतं. पुढचं येईना.

काका अनवाणीच बाहेर पडले. आता तमाशा होणार म्हणून मी मागे धावले. ते डीजेच्या गाडीपुढे हात जोडून उभे राहिले आणि काहीतरी बोलले. कुणालाच ऐकू आलं नाही. काय म्हणतोय म्हातारा, म्हणून पोरांनी आवाज बारीक केला. तरी ऐकू येईना. शेवटी बंद केला.

"आत बाळंतीन हाय," काका टाकीजवळच्याच आवाजात म्हणाले. "आवाजानं भ्यालीया. अडलीया."

नाचणाऱ्यांचे हात वरच्या वर राहिले. नवरदेव घोड्यावरून म्हणाला, "काका, दवाखान्यात न्या की! गाडी देतो."

"न्हाय. तिला हलवायची न्हाय."

एवढ्यात नवरदेवाची कुंभारी गावची आत्या पदर खोचून थेट घरात शिरली. "कुटं हाय लेक? पानी तापत ठिवलं का?" मी "अहो, ती…" म्हणेपर्यंत ती टाकीपुढे पोचलीसुद्धा. काकांनी काचेकडे हात केला. आत्याबाईंनी टाकीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

"अगं बया!"

डोळे उघडले तर मोलीच्या पोटाखालून मुटकुळं केलेला एक ठिपका सुटत होता. तो क्षणभर बुडाला, उलगडला, आणि दोन डोळ्यांचा मासा होऊन झाडोऱ्यात पळाला. मागोमाग दुसरा.

"आमच्या शेरडाचं करडू बी येवड्या लवकर पाय टाकत न्हाय की," आत्याबाई पुटपुटल्या. मग दाराशी जाऊन त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "वाजवू नगा रं. सुखरूप हुतंय."

कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. ती वरात आमच्या दारावरून नुसत्या घोड्याच्या टापांवर गेली.

मी अंगणात येऊन अक्कांशेजारी बसले. हसू आवरत नव्हतं. "अक्का, माशासाठी वरात थांबवली!"

अक्का हसल्या नाहीत. विडीला दोरा गुंडाळत राहिल्या.

"आमची पयली पोरगी ह्याच घरात झाली," त्या म्हणाल्या. "तवा माग हितंच, म्होरल्या खोलीत. दिवसभर चालू. मी आतनं हाका मारत हुते. ह्यांना ऐकूच ग्येलं न्हाय. शेजारीन आली तवर पोर ग्येली हुती." दोऱ्याची गाठ मारली. "पुडं दोन पोरं झाली, मोटी झाली. पन त्ये ह्यांनी कधी तोंडातनं काडलं न्हाय. मीबी न्हाय. मासे आनले तवा मला वाटलं, म्हातारपनाचा नाद आसंल."

"लक्ष्मी…"

आतून हाक आली, इतकी हळू की मला भास वाटला. अक्कांनी मात्र मांडीवरचं विड्यांचं सूप लगेच खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात रेटून उठल्या.

काका टाकीसमोरून सरकले, अक्कांना जागा करून दिली. अक्का वाकल्या. काचेला हात न लावता कपाळ जवळ नेलं आणि त्यांच्या तेलुगूत मोजायला लागल्या, "ओकटी… रेंडु… मूडु…" पिल्लं एका जागी ठरेनात. मोजणी चुकली की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. काका शेजारी उभे होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.