परबकाकांचं बाम्बर्ग

कुवेतमध्ये आगगाडीचा एक रूळसुद्धा नाही. अशा देशात सव्वीस वर्षं काढलेला माणूस मला जर्मनीतल्या कुठल्या स्टेशनावर लिफ्ट आहे आणि कुठल्या स्टेशनावर जिना चढावा लागतो, हे तोंडपाठ सांगतो. बरं, हा माणूस कधी जर्मनीला गेलाय का? तर नाही. त्याच्या पासपोर्टावर भारत आणि कुवेत सोडून तिसऱ्या देशाचा शिक्का नाही. तरी माझ्या सहलीत कुठं उतरायचं हे तो ठरवणार, आणि मी ऐकून घ्यायचं.

या माणसाचं नाव विश्राम परब. सगळे त्यांना परबकाका म्हणतात. गाव कुडाळजवळचं. आम्ही कुवेतमधल्या हवल्ली भागात राहतो, आणि आमच्या समोरच्या इमारतीत ते आणखी तिघा कोकणी माणसांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतात. राई नावाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवतात. शर्टाच्या खिशात मोजायचा टेप, कानावर पेन्सिल, आणि तोंडात एकच वाक्य: "आधी माप, मगे पत्रो." साईटवर जाऊन स्वतः माप घेतल्याशिवाय ते पत्र्याला कात्री लावत नाहीत. इंजिनिअरनं सही करून दिलेल्या ड्रॉइंगवरही त्यांचा विश्वास नाही. मी स्वतः इंजिनिअर असल्यामुळे हे माझ्या मनाला लागतं, पण ते जाऊ दे.

चूक माझीच झाली. आम्हाला विमानानं म्युनिकला उतरायचं होतं आणि तिथून रेल्वेनं बर्लिनला माझ्या धाकट्या भावाकडे जायचं होतं. वाटेत एखाद्या जुन्या, देखण्या गावात चार तास उतरावं, अशी माझ्या बायकोची, अनघाची कल्पना. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, दही आणि खुबूस रोटी घेताना मी तिच्याशी फोनवर हेच बोलत होतो. फोन ठेवला आणि मागून आवाज आला, "खंय उतरतास?"

मी सहज म्हणालो, "न्युरेंबर्गला. किल्ला आहे तिथं."

"चढ आसा," परबकाका म्हणाले. "तां चलाचा नाय."

अनघाच्या मनात एर्फुर्ट होतं. तिथं म्हणे एका पुलावर दोन्ही बाजूंना घरं आहेत आणि खालून नदी वाहते. परबकाकांनी तेही मोडीत काढलं. "त्यांच्या मोठ्या देवळाक सत्तर पायऱ्यो. आणि भर उन्हात उभ्या रवाचा."

"पण आम्हाला पायऱ्या चढता येतात," मी म्हणालो.

"बसाक खंय गावतला?" हा त्यांचा प्रश्न. मी सेहेचाळीस वर्षांचा, धडधाकट माणूस. आठवड्यातून तीन दिवस समुद्राकाठी पळतो. मला बसायला कुठं मिळेल याची चिंता या गृहस्थांना का?

त्यांच्या मते जर्मनीत उतरण्यालायक एकच गाव होतं, बाम्बर्ग. तिथं जुनी नगरपालिका नदीच्या मधोमध उभी आहे, पुलावर. मी फोटो पाहिले. गाव सुंदर आहे, नाही कोण म्हणतो? तिथं टेकडीवर एक भव्य कॅथेड्रलही आहे. तिकडे जाऊ म्हटलं तर काकांनी हात आडवा केला. कॅथेड्रल चढावर आहे. तिथं जायचं नाही. स्टेशनातून बाहेर पडायचं, बस पकडायची, पुलाजवळ उतरायचं, पूल पाहायचा, बसायचं आणि परत यायचं. म्हणजे आम्ही कुवेतहून इतक्या लांब जायचं ते एका नगरपालिकेच्या कचेरीसमोर बाकावर बसायला.

यावरही मी गप्प राहिलो असतो. पण एका शुक्रवारी त्यांनी आमची तालीम घेतली. बाहेर उन्हात चालणं शक्य नाही म्हणून एका मोठ्या मॉलमध्ये. अनघानं मला न विचारता होकार दिला होता. तिला परबकाका आवडतात, कारण आमच्या स्वयंपाकघरातली चिमणी त्यांनी फुकट नीट करून दिली होती. मॉलचं मुख्य दार म्हणजे स्टेशन. अत्तराचं दुकान म्हणजे बसथांबा. टोकाचं कारंजं म्हणजे नदी. काका टेप सरसावून पुढं, मागं मी बॅग ओढत, माझ्यामागं अनघा, आणि आम्ही आपले कुणी नाहीच असं दाखवत वीस पावलं मागं आमची बारा वर्षांची मुलगी सई.

दर शंभर पावलांनी काका थांबायचे. "बसा."

"मला नाही बसायचं."

"बसा ओ सायबानू."

बसलो. आमच्या ऑफिसातला एक इजिप्शियन सहकारी बायकोमुलांसह समोरून गेला आणि मला बाकावर बॅग घेऊन बसलेलं पाहून त्यानं तब्येतीची चौकशी केली. मी त्या बाकावरच ठरवलं, काहीही झालं तरी बाम्बर्गला उतरायचं नाही. घरी आल्यावर मी न्युरेंबर्गची तिकिटं काढली आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलं. किल्ला बघणार, चढून बघणार, उभं राहून बघणार.

ते मान हलवून गेले. मला वाटलं, सुटलो.

निघायच्या आदल्या दिवशी दार उघडलं तर बाहेर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्र्याचा तुकडा. त्यावर टोच्यानं बाम्बर्गचा नकाशा कोरलेला. स्टेशन, बस, पूल. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, हात कापू नये म्हणून. खाली प्रश्न: बसची पायरी किती उंच? थांब्यापासून पुलापर्यंत पावलं किती? मध्ये बाकं किती, पाठ टेकायला आहे का? माझं डोकं फिरलं. न्युरेंबर्गचं तिकीट काढलंय असं सांगूनही या माणसाचा हट्ट सुटत नाही. आणि विमानतळावर मी या पत्र्याचं काय सांगायचं? तो पत्रा परत करायचाच म्हणून मी दुपारी गाडी काढून थेट राईला गेलो.

वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी होती. मशीनं बंद. परबकाका मागच्या बाजूला पत्र्यांच्या चवडीवर बसले होते, पाठ माझ्याकडे. समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला होता. फोनवर एक अंगण दिसत होतं आणि अंगणातून एक बाई काठी टेकत चालत होत्या. काका मोजत होते.

"दोनशे अठरा, दोनशे एकोणीस. सावकाश गो. घाई कित्याक? दोनशेवीस. बस आता. पायरीर बस."

बाई बसल्या. धाप लागली होती. "डॉक्टरान इतक्या सांगल्यान काय?" त्यांनी विचारलं.

"होय. हयच्या डॉक्टरान. जाब्रियाच्या हॉस्पिटलातल्या."

फोन बंद करून ते वळले आणि मी हातात पत्रा घेऊन उभा. मी विचारलं, "काकू का?"

त्यांनी मान डोलवली. मग थोडं थोडं करून सांगितलं. वर्कशॉपमधलं पत्रा वाकवायचं मशीन जर्मन कंपनीचं. ती कंपनी दर वर्षी कॅलेंडर पाठवते. एका वर्षीचं काकांनी घरी नेलं होतं. त्यातलं एक चित्र काकूंनी चुलीमागच्या भिंतीवर लावलं, ते अजून तिथंच आहे. "म्हणता, ह्यां घर पाण्यात उभा कसा? आमच्या गोठ्यात तर दर पावसाळ्यात व्हाळाचा पाणी येता." काका हसले. त्यांची मुलगी आता लाइपझिगला हॉस्पिटलात नर्स आहे. आईबापांना बोलावते आहे. काकांचं इथलं काम या वर्षी संपतंय. विमान म्युनिकला, मग रेल्वे, वाटेत बाम्बर्ग.

"मग काकूंना सांगितलं का?"

"नाय. डॉक्टराचा नाव घेवन चलवतंय. दोनदा सांगान फसवलंय तिका. एकदा हय आणतंय म्हटलंय, एकदा काशीक नेतंय म्हटलंय. दोनी वेळा रवला. मगे गुडघे गेले." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "आता माप गावल्याशिवाय सांगूचा नाय. व्हिडिओत सगळा सपाटच दिसता. कोणतरी साईटवर जाऊक होया."

मला स्वतःची लाज वाटली. त्यांचाही राग आला. हे आधी सांगता येत नव्हतं का? मॉलमध्ये मला इजिप्शियन माणसासमोर बसवलं, तेव्हा तरी सांगायचं. पण ते सांगणारे नव्हतेच. सव्वीस वर्षं एका खोलीत तिघाचौघांत राहिलेला माणूस, आपली एकच गोष्ट कुणाला न दाखवता जपत होता.

पत्रा मी परत केला नाही. निघताना विचारलं, "काकूंचं पाऊल केवढं पडतं?"

काकांनी टेप काढला, जमिनीवर ठेवला आणि सोळा इंचांवर अंगठ्याचं नख दाबलं. तिथं ते जरा वेळ तसंच दाबून धरलं.

संध्याकाळी तिकीट बदललं. आम्ही बाम्बर्गला उतरणार आहोत. कॅथेड्रलला जाणार नाही. न्युरेंबर्गचा किल्ला हुकल्याचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो मी परबकाकांना आल्यावर ऐकवणार आहे.

बॅगा भरून झाल्यावर मी आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये सोळा इंचांचं पाऊल टाकून पाहिलं. फार अवघड आहे. पाय आपोआप पुढं जातो, त्याला ओढून धरावं लागतं. दारापासून लिफ्टपर्यंत एरवी मला बारा पावलं लागतात. अर्ध्यातच माझा तोल गेला आणि मी भिंतीला हात लावला. सई दारात येऊन उभी राहिली होती.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

"माप घेतोय," मी म्हणालो. "मध्ये बोलू नकोस, चुकेल."