भिंतीहून उंच जोतं

"आठ दिवसांत असं लाकडी घर उभं करतो, की साऱ्या पारोळ्यानं मान वर करून बघावं!" सुकदेवरावांनी जाहीर केलं. सारा पारोळा म्हणजे खरं तर एकटा शेजारचा भिकन!

हा भिकन कापसाचा दलाल. सन छत्तीसच्या दिवाळीत त्यानं सुट्या तक्त्यांचं घर आणून बागेत जोडलं, आणि तेव्हापासून कचेरीतले हेडकारकून सुकदेवराव आतून नुसते जळत होते. त्यातून मंजुळाबाई तिथं चहा पिऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "भिकनभाऊनं घर कितलं गोड शे!" उभ्या संसारात सुकदेवरावांच्या कशालाच त्या असं 'किती गोड' म्हणाल्या नव्हत्या. आता हेच वाक्य आपल्या घराबद्दल ऐकायचं, म्हणून त्यांनी दोंडाईच्याहून तसंच घर बैलगाडीत घालून आणलं.

प्रश्न उरला पायाचा. भिकनचं घर रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर होतं. "वाळवी खाईल!" सुकदेवराव खुशीत म्हणाले. नुसते दगड मांडावेत, तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळणार, पावसात फुगणार. शेवटी दगडचुन्याचं जोतं ठरलं.

"उंची किती धरू?" नजीर गवंड्यानं विचारलं.

"मधल्या कुंपणाच्या भिंतीहून वर!"

"भिंत तर छातीएवढी आहे, रावसाहेब!"

"म्हणूनच! आणि अगदी भिंतीला चिकटून घे. दार भिकनकडे. मी आत खुर्चीवर बसलेला त्याला दिसलो पाहिजे!"

"आणि पायऱ्या?"

"त्या बघू मागाहून!"

जोतं झालं. घर मात्र सुकदेवरावांनी हट्टानं स्वतःच जोडलं, कारण भिकननंही स्वतःच जोडलं होतं! मागचा शेवटचा तक्ता आत उभं राहून आवळला, घाम पुसला आणि ऐटीत दार उघडलं. पाऊल बाहेर टाकणार, तोच जागच्या जागी थिजले. खाली भिकनची वांगी!

"या, या, सुकदेवभाऊ!" झारी हातात धरून भिकन हसला.

मागून मंजुळाबाईंची हाक आली. "अहो, चहा आणलाय! वर कोठून येऊ?"

"येऊच नकोस!"

"वहिनी, आमच्या फाटकातून या!" भिकन ओरडला. "मी शिडी लावतो!"

शेजाऱ्याच्या शिडीवरून सुकदेवराव शेजाऱ्याच्याच वांग्यांत उतरले. मंजुळाबाई वळसा घालून आल्या आणि त्यांनी पहिला कप भिकनच्या हातात दिला.

"त्याला आधी?" सुकदेवराव चरफडले.

"शिडी त्यासनी शे ना!"

मग त्यांनी मान वर करून नवं घर न्याहाळलं. सुकदेवरावांनी श्वास रोखला.

"कितलं गोड शे हो!"

अखेर म्हणाली! सुकदेवरावांची छाती फुगली. मंजुळाबाई कौतुकानं पुढे म्हणाल्या, "भिकनभाऊना आंगनमा आते दोन घरं व्हयनात!"