शुद्ध तिखटाचे दुष्परिणाम

ज्या राज्यातलं तिखट शुद्ध, त्या राज्याला शत्रूचं भय नसतं. हे सत्य सरकारला जरा उशिराच कळलं, म्हणजे एका बड्या अधिकाऱ्यांच्या दाढेखाली तिखटातला खडा आला तेव्हा. (दाढ गेली, पण कायदा आला.) कायद्यापाठोपाठ मसाला निरीक्षक हे पद निर्माण झालं आणि नजरचुकीने त्यावर एक प्रामाणिक माणूस नेमला गेला.

रुजू झाले त्याच सकाळी निरीक्षकसाहेब पेठेतल्या सर्वांत मोठ्या दुकानात शिरले. दुकानदाराला सगळी पेठ मामा म्हणे. (प्रत्यक्षात कोण कोणाला मामा बनवत होतं, हा विषय कायद्याच्या कक्षेत येत नव्हता.) साहेबांनी पेलाभर पाण्यात चिमूटभर तिखट टाकलं. तिखट तरंगलं, विटेची पूड तळाशी बसली. मामांनी काहीच नाकारलं नाही.

"वीट पक्क्या भट्टीची आहे, साहेब," ते म्हणाले. "कच्ची वीट गिऱ्हाइकाला घालणं आमच्या रक्तात नाही."

पोती जप्त झाली. साहेबांच्या देखरेखीखाली अस्सल मिरच्या कांडल्या गेल्या, घरोघरी पोचल्या, आणि दुपारच्या जेवणापासून शुद्धतेचं राज्य सुरू झालं. हेडमास्तरांची जीभ सुजल्यामुळे शाळेला सुट्टी मिळाली (मुलांनी कायद्याचं स्वागत केलं). सासवांनी सुनांवर घातपाताचा संशय घेतला. एका घरात नवरा-बायकोचा जुना अबोला सुटला, कारण पाणी मागितल्याशिवाय दोघांनाही गत्यंतर नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं, की सरकार तिखटात काहीतरी मिसळतंय.

कचेरीसमोरच्या जमावातून वाट काढत साहेब घरी आले. बायकोचे डोळे लाल होते. तिने ताट वाढलं आणि ती शांतपणे म्हणाली, "तुमचा कायदा कचेरीत खा. घरात मामांचंच तिखट आलं पाहिजे."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अपमानाचं की भाजीचं, हे त्यांना स्वतःलाही ठरवता येईना.

प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी घडलं तसं वर कळवलं. समिती आली, जेवली, बराच वेळ नुसती पाणी पीत राहिली, आणि तिने निर्णय दिला: जनतेला जे पचतं, ते शुद्ध. तिखटात विटेचं किमान प्रमाण कायद्याने ठरलं. मामांची पोती दिलगिरीसह परत गेली.

पुढे एकदा मामा सापडले. भट्टी बंद पडली होती आणि त्यांनी गुपचूप निव्वळ मिरची विकली होती. "पोटासाठी करावं लागलं, साहेब," मामा मान खाली घालून म्हणाले. साहेबांनी समज देऊन सोडलं. बायकोने मात्र मामांना बरेच दिवस माफ केलं नाही.

तेव्हापासून सगळीकडे आनंदीआनंद आहे. लांब कुठे एखाद्या खानावळीत पहिला घास घेताच आपले डोळे मिटतात, आणि आपण म्हणतो, अगदी आईच्या हातची चव. त्या चवीत आईचा हात किती आणि भट्टीवाल्याचा किती, हे तपासायचं धाडस अजून कुठल्याही सरकारला झालेलं नाही. तुम्हाला होतंय का बघा.