तिसरा काटा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जगात आजवर कोणीही नोंद न केलेला एक प्राणी राहत होता. हे मी तेंडोलकर सरांबद्दल म्हणत नाही. सरांच्या कपाटात राहणाऱ्या भुंगेऱ्याबद्दल म्हणतोय. अर्थात दोघांना एकत्र बघितलं असतं तर दुर्मीळ कोण, हे ठरवायला वेळ लागला असता.

सर कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लाकूड पोखरणारे किडे हा त्यांचा विषय. कोणाच्याही घरी गेले की ते माणसांकडे बघायचेच नाहीत, फर्निचरकडे बघायचे. खिशातून स्टेथोस्कोप काढायचा, खुर्चीच्या पायाला लावायचा आणि डोळे मिटायचे. माझ्या बहिणीला बघायला मंडळी आली होती. पोहे चालू होते. सर आत आले आणि मुलाच्या वडिलांच्या खुर्चीशी उकिडवे बसले.

"तुमच्या खाली कोणीतरी आहे," ते म्हणाले.

वडील ताटलीसकट उभे राहिले.

"घाबरू नका, अळी आहे. वर्षभर तरी बाहेर येत नाही. आनंद आहे."

हे 'आनंद आहे' ते सगळ्यालाच म्हणायचे, आणि तेही तेराव्याला आल्यासारख्या चेहऱ्याने. पाणी गेलं, आनंद आहे. लिफ्ट बंद, आनंद आहे. मागून सुहासिनी काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, यायच्या आणि हळूच सांगायच्या, "मनावर घेऊ नका हो. यांना माणसं दिसतच नाहीत."

काकू गेल्या, आणि सरांनी कोणाकडे जाणं सोडलं. बिल्डिंगमधल्या खुर्च्या निर्धास्त झाल्या. पण खरं सांगतो, दारावरची ती दोन बोटांची टकटक बंद झाल्यावर तिसरा मजला ओसाड वाटायला लागला.

वर्ष होत आलं असेल, तेव्हा एका दुपारी सरांनीच मला हाक मारली. आतल्या खोलीत काकूंचं कपाट होतं. माहेरहून आलेलं, फणसाच्या लाकडाचं, पिवळं. त्याच्या पायाशी पिठासारख्या भुशाचा ढीग होता. खोली बरेच दिवस झाडलेली नव्हती. सरांनी कागदावरचा एक काळा किडा माझ्यापुढे धरला, जिऱ्याएवढा, आणि हातात भिंग दिलं.

"मागून बघा. प्रत्येक पंखाच्या टोकाला किती काटे?"

"तीन."

"दोन हवेत," सर म्हणाले. "या किड्याच्या सगळ्या भाईबंदांना दोनच असतात. तिसरा आजवर कोणी लिहिलेला नाही. पण ही मादी आहे."

"मग?"

"मग तिसरा काटा हा नुसता बायकी दागिना असू शकतो. तसं असेल तर ही जुन्याच जातीची मादी. नरालाही तिसरा काटा निघाला, तरच जात नवी. आणि नव्या जातीला नाव देता येतं." भिंग परत घेत म्हणाले, "मला एक नाव द्यायचंय."

कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटलं.

त्या दिवसापासून नराची वाट बघणं सुरू झालं. कपाटाला त्यांनी वरपासून खालपर्यंत मलमलचा पडदा बांधला, बाहेर येणारा किडा त्यात अडकावा म्हणून. जिन्यात भेटले की मी विचारायचो, "सर, नर आला?"

"नाही हो. बायकाच येतायत."

हे आमच्या वॉचमनने ऐकलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं की सरांकडे बायका येतात. मीही ती बातमी खोडून काढायची घाई केली नाही. सरांविषयी कोणीतरी काहीतरी बोलत होतं, हेच मला बरं वाटत होतं.

मग आमच्या सेक्रेटरी, शिंदेबाई, वर आल्या. त्यांच्या दाराच्या चौकटीतून भुसा पडायला लागला होता.

"सर, मंगळवारी पेस्ट कंट्रोलवाला येतोय. सगळ्या फ्लॅटमध्ये मारणार."

"माझ्याकडे नको."

"अहो, तुमच्याकडूनच आलेत ते. माझी चौकट खाल्ली."

"मला एक नर मिळू दे."

"तुम्हाला नर मिळेस्तोवर माझं दार पडेल. ऐका ना सर, ते कपाट देऊन टाका. शीळफाट्याला माझ्या ओळखीचा भंगारवाला आहे, टेम्पो पाठवेल."

सरांनी मलमलच्या पडद्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "त्यात तिच्या साड्या आहेत. मी अजून उघडलं नाहीये."

शिंदेबाईंचा आवाज खाली आला. "बरं. पुढच्या महिन्यात बोलावते पेस्ट कंट्रोलवाल्याला," म्हणाल्या आणि भुसा न तुडवता, कडेकडेने बाहेर पडल्या.

नर मिळाला एका रविवारी. सरांनी मला भिंगातून दाखवला. एक, दोन, तीन. पोटाचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली उघडून त्यांनी तो नरच असल्याची खात्री करून घेतली होती. आता पेस्ट कंट्रोलला हरकत नव्हती, म्हणून आम्ही कपाट भिंतीपासून ओढलं, तर दरवाजा बिजागरीसकट माझ्या हातात आला. वजन म्हणून नव्हतं त्याला. आतलं सगळं लाकूड किड्यांनी खाल्लं होतं, आणि ते खाऊ देणारे सर बाजूला उभे होते. साड्यांवर पिवळी पूड बसली होती. सरांनी एकेक साडी गॅलरीत नेऊन झटकली. साडीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही, म्हणून मला दुसरं टोक धरायला सांगितलं. पदर कुठला आणि आतली बाजू कुठली, हे दोघांनाही कळत नव्हतं. 'आनंद आहे' त्या दिवशी ते एकदाही म्हणाले नाहीत.

पुढे किडे परगावच्या तज्ज्ञांकडे गेले, शंका आल्या, उत्तरं गेली, आणि अखेर जात नवी ठरली. सोसायटीने प्रजासत्ताक दिनी, झेंडावंदनानंतर, पार्किंगमध्ये सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, समोसे. शिंदेबाई माईकवर म्हणाल्या, "आपल्या सुहासिनी काकूंचं नाव आता जगभर जाणार आहे."

सरांनी माईक घेतला. "सुहासिनी नाही. किड्याचं नाव ठकूवरून आहे. पुढे बाईच्या नावाला लागतं ते लॅटिनचं शेपूट."

पोरं हसली. माझ्याही जिभेवर एक कोटी आली होती.

"ठकू हे तिचं माहेरचं नाव," सर वर्गात शिकवावं तसं सांगायला लागले. "आमच्या शास्त्रात नियम आहे. एकाच जिवाला दोन नावं पडली, तर आधीचं खरं आणि नंतरचं बाद. आईबापांनी ठकू ठेवलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी सुहासिनी लिहिलं. कॉलेजातल्या लोकांना बायकोची ओळख ठकू म्हणून कशी करून द्यायची, म्हणून. ते नंतरचं. ते बाद."

मी माझी कोटी समोशाबरोबर गिळली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांतल्या निम्म्यांची नावं अशीच तांदळात बदललेली. शिंदेबाई हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होत्या.

"पण सर," त्यांनी विचारलं, "काकूंना स्वतःला कुठलं नाव आवडायचं?"

सरांनी शिंदेबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, समोर बसलेल्या एकेका माणसाकडे बघितलं. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं वाक्य गेटपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"अहो, हे विचारायचं राहूनच गेलं."