बोलती बेल आणि मोहित्यांचे पावणे

माणसाची संस्कृती त्याच्या दारावरून ओळखावी, असं सुसंस्कृत माणसं दार आतून लावून घेऊन सांगतात. शाहूपुरीतली आमची ‘सुखनिवास सहकारी गृहरचना संस्था’ १९८३ सालापर्यंत या बाबतीत फारच मागासलेली होती. खालचं दार दिवसभर सताड उघडं. कुणीही यावं, कुणाच्याही घरी बसावं, चहा घ्यावा आणि मग विचारावं, “हे पाटलांचंच घर न्हवं?” (नसायचं. चहा मात्र मिळायचा.)

मग एका रविवारी आमचे चेअरमन अंबादास मोहिते यांचा कुकर गेला. गार व्हावा म्हणून जिन्यात ठेवला होता, तो मटणासकट गेला. तक्रार देताना मोहित्यांनी कुकरचं वर्णन एका वाक्यात उरकलं आणि रश्श्याचं सविस्तर केलं. संध्याकाळी ‘प्रवेश नियंत्रण उपसमिती’ स्थापन झाली. तीत मीही होतो, कारण सभा आमच्या घरी होती.

उपसमितीनं अत्यंत शास्त्रीय पद्धतीनं काम केलं. प्रथम कुत्र्याचा विचार झाला. पण आमच्या इमारतीत रविवारी इतकी हाडं निघतात, की त्याला भुंकायला सवड मिळाली नसती. मग पिराजी नावाचा पहारेकरी ठेवला. पिराजी अनोळखी माणसाला अडवायचा, बाकावर बसवायचा, “कुठलं गाव पावणं?” असं विचारायचा. कोल्हापूर जिल्ह्यात एवढं विचारलं की नातं निघतंच. नातं निघालं की पिराजी पावण्याची पिशवी घेऊन त्याला स्वतः वर सोडायला यायचा. त्याच्या नियंत्रणाखाली ये-जा दीडपट झाली. पुढं जाळीचं दार बसवून घराघरांत किल्ल्या वाटल्या. त्या हरवू नयेत म्हणून सगळ्यांनी त्याच दाराशेजारच्या, बाहेरच्या खिळ्याला अडकवल्या.

शेवटी मुंबईहून ‘बोलती बेल’ आली. काय यंत्र हो! खाली बटणाचा डबा, वर प्रत्येक स्वयंपाकघरात टेलिफोनसारखा चोंगा. खालच्यानं बटण दाबायचं, वरच्यानं “कोण?” विचारायचं, ओळख पटली की वरचं बटण दाबायचं. खालची कडी खट्कन उघडणार, आणि माणूस आत गेला की दार आपसूक लागणार.

यंत्रात खोट काढायला जागा नव्हती. फक्त ते अशा मुलखात तयार झालं होतं, जिथं माणसांना नावं असतात. आमच्याकडं “कोण?” विचारलं की खालून येतं, “मी!” पुन्हा विचारलं तर जरा चिडून, “मी हाय की!” यावर “मी म्हणजे कोण?” असं विचारणं म्हणजे माणसाच्या थोबाडीत मारणं. त्यामुळं वरचा लगेच बटण दाबायचा. दारात म्हैस आणून दूध पिळून देणारा आकाराम गवळीही “मी” म्हणायचा आणि दोघंही आत यायची. (म्हशीला विचारण्याची तरतूद नव्हती.) उपसमितीच्या पाहणीत असं आढळलं की शंभर टक्के प्रवेश ‘मी’ या एकाच इसमानं घेतले.

मोहित्यांनी नियम कडक केला. नुसत्या ‘मी’ला प्रवेश नाही; पूर्ण नाव, गाव आणि कामाचं स्वरूप सांगितलंच पाहिजे. पहिल्याच दिवशी त्यांची सख्खी मावशी चिमणाबाई खालूनच कागलला परत गेली. “तुझं ढुंगाण धुतलंय मी, आणि मला गाव इचारतोस व्हय रं?” एवढंच डब्यात बोलून गेली. मोहित्यांनी हे व्यवस्थेच्या निःपक्षपातीपणाचं उदाहरण म्हणून सभेत मांडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता मोहित्यांची मीनाक्षी. शाळेत शिक्षिका, तोंडानं फटकळ, आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणणारी. पण वारणानगरच्या दूधसंघातला एक मुलगा तिनं मैत्रिणीच्या लग्नात पाहिला होता, आणि त्याचं स्थळ आल्यावर पहिल्यांदाच “बघू या” म्हणाली. त्या घरात एवढ्यावर देवापुढं पेढे ठेवले गेले. पोरीचं मन बसलंय हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं.

रविवारी पावणे आले. मुलगा, त्याचे वडील सयाजीराव आणि आई बयाबाई. मी गॅलरीत उभा होतो. सयाजीरावांनी बटण दाबलं.

“कोण?” मोहिते.

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

“आवं, मी की!”

“पूर्ण नाव, गाव आणि कामाचं स्वरूप सांगा.”

सयाजीरावांनी डब्याला तोंड लावलं. “सयाजी. वारणानगर. काम हुतं, आता न्हाय.” आणि तिघंही वळली.

चोंगा हातात धरून मोहिते पांढरे पडले. मीनाक्षी मात्र तशीच अनवाणी जिना उतरून धावली. मागं दार खट्कन लागलं. कोपऱ्यावर तिनं त्यांना गाठलं.

“काका, थांबा. तुम्हाला दारानं हाकललंय, मी नाही.”

“ही कोण वो?” बयाबाईंनी विचारलं.

“इचार की. पूर्ण नाव इचार, गाव इचार!” सयाजीराव मागं न बघता म्हणाले.

बयाबाईंनी तिचे धुळीचे पाय पाहिले. “पोरी, आमच्या दाराला बेल न्हाय. उंबऱ्यात कोंबड्या असत्यात. चालंल?”

“त्या नाव-गाव विचारत नसतील तर चालेल.”

मुलगा हसला. मग सयाजीरावही हसले. चौघंही परत आली, पण दार बंद. मीनाक्षीनं बटण दाबलं.

“कोण?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?” सवयीचा गुलाम, काय करणार!

पोरीचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. “मीनाक्षी अंबादास मोहिते. गाव शाहूपुरी. कामाचं स्वरूप, लग्न.”

डब्यातून नाक ओढल्याचा आवाज आला आणि कडी उघडली.

त्याच वेळी आतून एक गृहस्थ बाहेर आले आणि “या पावणं, या” म्हणून अदबीनं दार धरून उभे राहिले. मघाशी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या धोंडुबाईंना डब्यातून नियमानुसार सांगितलं होतं : कृष्णात बाबू शिंदे, गाव कागल, काम बेलदुरुस्ती. वर जाऊन त्यांनी चहाही घेतला होता. पावणे वर गेल्यावर त्यांनी बाहेरचा डबा स्क्रू काढून पिशवीत घातला आणि ते निघून गेले. डबा बाहेरच होता, त्यांना आत यायची गरजच नव्हती. पण रीतसर काम करणारी माणसं आता राहिलीत कुठं?

लग्न झालं. मानपानात चिमणाबाईंना पहिलं पातळ. दार लागू नये म्हणून फटीत अर्धी वीट ठेवण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. वीट चोरीला जाऊ नये म्हणून तिच्यावर संस्थेचं नाव रंगवलं आहे.

हसताय? हसा. पण आज संध्याकाळी स्वतःच्या घराची बेल वाजवा, आणि आतून “कोण?” आलं की आमच्या नियमाप्रमाणं उत्तर द्या. नाव येईल. गावही येईल. या घरात आपल्या कामाचं स्वरूप काय, तिथं अडलात तर नुसतं “मी” म्हणा. उघडतील बिचारे.