सिंदी मेघेतला समुद्रकाठचा पर्गोला

वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पर्गोला उभारायचा, हे मी रद्दीच्या दुकानात उभ्या उभ्या ठरवलं. (माझे बहुतेक मोठे निर्णय उभ्या उभ्याच झाले आहेत. बसून विचार करणाऱ्यांनी या देशाचं काय केलं, ते आपण बघतोच आहोत.) हाताला एक गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक लागलं. त्यात एक फोटो होता. मागे निळा समुद्र, पुढे हिरवळ, हिरवळीवर चार खांब आणि त्यांच्यावर आडव्या लाकडी पट्ट्या, म्हणजेच पर्गोला. खाली वेताच्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ सरबत पीत बसले होते. चेहऱ्यावर असं समाधान, की मुलीनं कोणाशीही लग्न केलं असतं तरी त्यांनी पेला खाली ठेवला नसता.

मला नेमका असाच सासरा हवा होता.

माझे खरे सासरे बापूराव रत्नागिरीकडे, अगदी समुद्राला लागून असलेल्या गावात नारळाचा व्यापार करतात. त्यांची मुलगी ज्योत्स्ना वर्ध्याला शिकायला आली, आणि शिकून झाल्यावर आम्ही रजिस्टर लग्न केलं. मी तेव्हा 'साधा विवाह प्रचार मंडळा'चा संस्थापक-अध्यक्ष होतो. निकेश सचिव. (तिसरा सदस्य स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसला, म्हणून त्याला काढून टाकलं.) मंडळाची शपथ स्पष्ट होती: ज्या लग्नात मांडव पडेल, तिथे अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. हुंडा, मानपान, जावयाचे रुसवे, सासऱ्याच्या अंगठ्या, या गोष्टींवर तर मी गिरडपासून केळझरपर्यंत भाषणं दिली होती. ऐकायला कोणी आलं नाही, तेही मी समाजाच्या मागासलेपणाचं लक्षण म्हणून भाषणातच नोंदवलं होतं.

बापूरावांना लग्नाची बातमी आम्ही लग्नानंतर कळवली. तत्त्वाचा प्रश्न होता. त्यांनी उत्तर पाठवलं नाही आणि दोन वर्षं मुलीशी बोलले नाहीत. माझी आई सुलोचनाबाई बोलत होती, पण फक्त याच विषयावर.

आणि २००१ च्या मे महिन्यात शेजारच्या मंदाबाई धावत आल्या. फोन त्यांच्याकडेच होता. (फोन ही चैन आहे, असं माझं मत असल्यामुळे आमचे सगळे फोन मंदाबाईंच्या घरी यायचे, आणि आमची सगळी बातमी आमच्याआधी त्यांना कळायची.)

"ज्योत्स्ना व, तुह्या बाबाचा फोन आलता. पुढच्या हप्त्यात येऊन राह्यले."

मंदाबाई गेल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "अरे, मला एकच हवंय. ते आपल्याकडे जेवले पाहिजेत." (ती मला 'अरे' म्हणते. मंदाबाईंना ते अजून पचलेलं नाही.) "बाबा रागावले की त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. जेवले, तर समजायचं सगळं मिटलं. नाही जेवले, तर पुन्हा येणार नाहीत."

"जेवतील ना," मी म्हणालो. "पण त्यांना बसवायचं कुठे? समुद्राच्या वाऱ्यात राहिलेला माणूस. वर्ध्याच्या मे महिन्यात त्याच्या डोक्यात राग राहील की उष्माघात?"

"ते हवा बघायला येत नाहीयेत."

पण मी तोवर मासिक उघडलं होतं. लेखाचा विषयच होता, किनारपट्टीच्या हवामानात पर्गोला कसा उभारावा. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल लांब होता, हे मला ठाऊक होतं. पण पाहुणा किनाऱ्यावरचा, तेव्हा पर्गोलाही किनाऱ्यावरचाच हवा, हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. आजही वाटतो, फक्त आता मी तो कोणाला सांगत नाही.

काम हरिदास मिस्त्रीला दिलं. हरिदासनं जन्मभर दिवाण आणि चौरंग यांशिवाय काही केलं नव्हतं, पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"स्क्रू पितळेचे लागतील," मी वाचून सांगितलं. "लोखंड खाऱ्या हवेनं गंजतं."

"खारी हवा कुठून येईन, साहेब?"

"लेखात दिलंय."

"मंग येईन," हरिदास म्हणाला.

खांब छातीइतके खोल गाडून सिमेंटमध्ये पक्के करायचे, चक्रीवादळासाठी. तेही केलं. वरच्या पट्ट्यांत हात-हात अंतर सोडायचं, म्हणजे समुद्राचा वारा खेळता राहतो. तेही सोडलं. हरिदासनं स्वतःची भर एवढीच घातली, की फोटोतले सरळसोट खांब त्याला 'लय उघडे' वाटले. त्यानं ते दिवाणाच्या पायासारखे नक्षी काढून कातले आणि वर पिवळा-लाल रंग मारला. मी दोन दिवस ऑफिसात होतो, तेवढ्यात.

पर्गोला पूर्ण झाला त्या दुपारी मी खाली खुर्ची टाकून बसलो. आई मागच्या दारात उभी राहून बघत होती.

"सावली कुठी हाये याची?"

"ही खेळती सावली असते, आई. ऊन आणि सावली दोघं खेळतात."

"मंग ऊनच एकटं काऊन खेळून राह्यलं?"

मी खुर्चीवरून उठलो, कारण चटका बसत होता. आरशात पाहिलं तर तोंडावर एक पट्टा तांबडा, एक पट्टा नेहमीचा. त्यामुळे आईनं वरती जांभळाच्या डहाळ्या अंथरायचं सुचवलं तेव्हा मी विरोध केला नाही. मग ती म्हणाली, नुसत्या डहाळ्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मग म्हणाली, मनाला बरं वाटत नाही, केळझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन येते. मी म्हटलं, जा. आईच्या श्रद्धेच्या आड मी येत नाही. (पुढे कळलं की ती दर्शनाला नाही, लग्नाची पहिली अक्षत ठेवायला गेली होती.)

गल्लीतला प्रत्येक जण कुंपणावरून डोकावून विचारत होता, "मांडव कोणाचा?"

"मांडव नाही. पर्गोला आहे."

"हो, पण लग्न कोणाचं?"

शेवटी मी फाटकावर पाटी लावली: 'हा मांडव नाही'. तेव्हापासून तर रस्त्यावरचे अनोळखी लोकसुद्धा थांबून विचारायला लागले.

ठरल्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. एक बापूराव उतरायचे होते. डबाभर माणसं उतरली. मावश्या, काका, नारळांची पोती, फणस, आणि एका काकांच्या काखेत फेट्यांचं गाठोडं. मला वाटलं, विदर्भाचं ऊन बघायला सहल काढली असावी. बापूराव माझी रिक्षा सोडून मावश्यांच्या रिक्षात बसले. घरी पोहोचल्यावर ज्योत्स्नानं दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला. बापूरावांनी तांब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पाणी न घेता घरातून सरळ मागच्या दारी गेले.

तिथे ते थांबले. खांब पाहिले. तोरण पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून एका खांबाला हात लावला.

"निघण्याआधी पुन्हा फोन केला, तेव्हा मी मनात म्हणत होतो, फोनवरच्या त्या बाई थट्टा करतायत," ते म्हणाले. "त्या म्हणाल्या, जावयांनी मांडव टाकलाय, तुम्ही रिकाम्या हातानं येऊ नका. ज्योत्स्ना, माझ्यासाठी केलंत हे? मला मुलीच्या मांडवात उभं राहायला मिळालं नाही, म्हणून?"

ज्योत्स्नाची दोन वर्षं कोरडी ठेवलेली नजर भरून आली होती, आणि ती नजर माझ्यावर होती. माझ्याकडे पर्गोल्याच्या उपयुक्ततेवर एक छोटं व्याख्यान तयार होतं.

मी म्हणालो, "हो."

मंदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मी का खोटी बोलली? मांडव दिसत नाई का कोणाले?"

त्यानंतर माझ्या मताची कोणाला गरज पडली नाही. आईनं हळद बाहेर काढली. ती आधीच दळून ठेवलेली होती. भटजी आले, तेही सांगून ठेवलेले होते. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "आई, आमचं लग्न कायद्यानं झालेलं आहे."

"कायद्यानं तुमचं झालं. आमचं राह्यलं होतं."

मांडव पाडून टाकावा, असा विचार एकदा माझ्या मनात आला. पण तो चक्रीवादळाला पुरून उरेल असा बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फेटा आणि मुंडावळ्या बांधून उभा राहिलो. डहाळ्या उन्हानं कडकडीत वाळून पानं गळून गेली होती, आणि लूचा गरम वारा पट्ट्यांमधून खेळता राहिला होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा ज्योत्स्ना माझ्याकडे बघून हसली. तिच्या तोंडावरही पट्टे होते. (हे फोटोत फार स्पष्ट आलं आहे. अल्बम बघणारे विचारतात, तुमच्याकडे लग्नात तोंड रंगवायची पद्धत आहे का.)

मग पंगत बसली. वांग्याची भाजी, मठ्ठा, जिलेबी. मला पाटावर बसवलं, भोवती रांगोळी काढली. आणि समोर कूलरला पाठ लावून, हाताची घडी घालून, निकेश उभा दिसला.

तो जवळ येऊन वाकला. "अध्यक्ष, शपथ आठवते ना?"

"निकेश, घरचाच कार्यक्रम आहे."

"तिसऱ्या सदस्यानंही हेच म्हटलं होतं."

मी हात मांडीवर ठेवला. नाही जेवत, त्यात काय एवढं. माझ्या न जेवण्यानं समाजाला एक संदेश गेला असता.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बापूराव पंगतीत नाहीत. ते पंखा घेऊन माझ्यामागे उभे होते.

"तुम्ही बसा ना, बाबा."

"जावई जेवल्याशिवाय मुलीचा बाप जेवतो होय? मी कालपासून पाण्यावर आहे. तेही मंदाबाईंकडे प्यायलो. तुमच्या घरचं आता तुमच्यानंतर." त्यांचे ओठ सुकले होते.

ज्योत्स्ना माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "अरे, जेव."

आता पेच समजून घ्या. हा मांडव असेल, तर शपथेप्रमाणे मला जेवता येत नव्हतं. हा पर्गोला असेल, तर खुशाल जेवता येत होतं. पण मग ते निकेशला, म्हणजे सगळ्या पंगतीला, म्हणजे बापूरावांना ऐकू जाईल असं सांगावं लागलं असतं. मी तोंड उघडायचो आणि मिटायचो.

पंगतीत कुजबुज सुरू झाली.

"जावई जेवून नाई राह्यले."

"रुसले असतीन."

"रुसतीनच ना. मांडव टाकला तं मान पाह्यजे."

"भाषणात तं लय बोलत होते," मंदाबाई म्हणाल्या.

"मी रुसलेलो नाही," मी म्हणालो. रुसलेला प्रत्येक जावई हेच म्हणतो, हे मला पंगतीच्या हसण्यावरून कळलं.

बापूराव मात्र हसले नाहीत. ते खजील झाले. "चुकलंच माझं. आधी लक्षात यायला हवं होतं." आणि त्यांनी स्वतःच्या बोटातली सोन्याची अंगठी काढली.

"बाबा, नको, तुमचा गैरसमज होतोय, माझं तत्त्व..." एवढं म्हणायला मी तोंड पूर्ण उघडलं. ज्योत्स्ना त्याचीच वाट पाहत असावी. तिनं अख्खी जिलेबी आत कोंबली. तिकडे अंगठी बोटात गेली, इकडे जिलेबी तोंडात, आणि क्रम असा जुळला की सगळ्या सिंदी मेघेनं तो नीट पाहिला: आधी अंगठी, मग घास.

पंगतीनं टाळ्या वाजवल्या. बापूराव माझ्याच शेजारी मटकन बसले, ज्योत्स्नाच्या हातून पाण्याचा तांब्या घेऊन एका दमात रिकामा केला आणि भात कालवला. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा ज्योत्स्ना पदरानं तोंड पुसायला आत गेली.

जाताना ते पर्गोल्याकडे बघून म्हणाले, "बाकी मांडव झकास. फक्त पुढल्या वेळी वरती छप्पर घाला. आमच्याकडे समुद्रावर असलं उघडं लाकूड एका पावसात कुजतं. असं कोणी बांधत नाही."

अंगठी अजून माझ्या बोटातच आहे. उन्हानं बोटं सुजलेली असताना ती चढली, ती उतरेना. भाषणात मी हात उगारला की लोक तिकडेच बघतात. मंडळानं मला एकमतानं काढून टाकलं. (निकेशचं मत. सभा आमच्या पर्गोल्याखालीच झाली, आणि उरलेली जिलेबी त्यानंच संपवली. त्याच्या मते, लग्न उरकल्यावर मांडवाचा मांडव राहत नाही.)

परवा मंदाबाई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे.

"मांडव देजा बापा आमाले. आन् आमच्या जावयाले जरा तुमीच समजावून सांगजा."

मला बरं वाटलं. कोणीतरी अजून माझ्याकडे विचारांसाठी येतं. मी विचारलं, "काय सांगू? साधेपणाचं महत्त्व?"

"नाई. रुसला तं एका आंगठीवरच थांबजो म्हणा. तुमी थांबले तसं."