गॅरेजातलं ओलं पाऊल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षरही वाकडं. सांभाळून घ्या. पण आबांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आबा वसईच्या होळी गावातले बागायतदार. मी त्यांच्या घरी काम करते. स्वतःच्या रिकाम्या गॅरेजात शिरण्याआधी ते शटर वाजवतात. "येऊ का?" विचारतात, जरा थांबतात, मगच आत जातात.

गाडी बाहेर आंब्याखाली असते, टपावर कावळ्यांची घाण. आत नुसती जमीन. तिच्यावर राखाडी, चकचकीत लेप दिलाय. आत पाय टाकला की खालून कुणीतरी आपल्या तळव्याला तळवा लावतंय असं वाटतं.

पुसायचे नियम आबांचे. कडक झाडू नको, अ‍ॅसिड नको, फिनेल तर नकोच. कोमट पाणी, थेंबभर साबण, मऊ फडका. बादली जरा आपटली की कुजबुजतात, "हळू गं बाय, दचकेल ना!"

"कोण दचकेल, आबा?"

"तू पूस."

मला तिथे भीती वाटायची. पंखा लावला की सगळी जमीन सुकायची, पण शटरच्या आत एक पाऊल ओलंच राहायचं. बाईचं, अनवाणी, आत जाणारं. बाहेर येणारं एकही नाही. रोज देवाचं नाव घेऊन मी ते टिपायचे. दुसऱ्या दिवशी पुसलं की पुन्हा तिथेच.

परवा त्यांचा मुलगा सुहास चंदनसारहून कामगार घेऊन आला. जुना लेप मशीनने घासून नवा द्यायचा होता.

"बाबा, उठा. इथे खड्डा पडलाय."

आबा त्या पावलापाशी बसले होते. उठेचनात.

"लेप ओला होता तेव्हा मी पाटी लावलेली, चप्पल घालून आत येऊ नये. तुझी आई हळदकुंकू घेऊन आली. चपला बाहेर नीट काढून ठेवल्या, आणि दिला पाय!" आबा हसले. मग हसू थांबलं. "कारागिरांसमोर ओरडलो तिच्यावर. मुकाट मागे फिरली. त्याच आठवड्यात गेली."

कामगार मशीन धरून उभा. सुहासने भिंतीतला प्लग काढला. वाकून त्याने त्या खळग्यात हात ठेवला. हाताच्या बाहेर थोडीशीच टाच उरली.

"आईचे पाय एवढे लहान होते?"

"मी तरी कुठे पाहिले होते, बाळा," आबा म्हणाले.